बिऱ्हाड संकठा घाटावर

काशीतल्या संकठा घाटावर गाडी येत नाही. मैदागिनला किंवा चौकात रिक्षा सोडायची, सामान हमालाच्या डोक्यावर द्यायचे आणि पक्का महाल या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत शिरायचे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचे, सांड आला तर दोघांनीही. वळणे मोजण्यात अर्थ नसतो. संकठाजींचे देऊळ कुठे म्हणून विचारत गेले की कुणीतरी ओट्यावरून हात दाखवतो. देवळाच्या पुढे पायऱ्या लागतात आणि पायऱ्यांखाली गंगा.

वाराणसी सपाट मुलखातले शहर, पण जुनी काशी नदीच्या डाव्या तीरावर कंकराच्या उंच धारेवर बसलेली आहे. पलीकडचा तीर म्हणजे रेताड सपाटी, हा तीर म्हणजे कडा. त्या कड्यावर एकाला एक खेटून, एकाच्या डोक्यावर एक अशी घरे चढत गेली आहेत. संकठा घाटावरच्या घरात राहणे म्हणजे डोंगरातल्या आडवाटेच्या घरात राहण्यासारखेच आहे: चढून जायचे, एकदा चढले की क्षुल्लक कारणासाठी खाली उतरायचे नाही, आणि घरचे लोक देतील त्या वेळी, देतील ते जेवायचे. दशाश्वमेधची गर्दी इथवर फारशी येत नाही. दक्षिणेला शिंदे घाट आणि त्याला लागून मणिकर्णिका. उत्तरेला गंगामहाल, मग भोसले घाट. काशीच्या ऐन मध्यावर असूनही हा कोपरा आपल्यापुरता राहिला आहे.

या कोपऱ्याचे आणि आपले नाते जुने आहे. शिंदे घाट १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी बांधला. बांधकाम इतके जड झाले की काठ खचला आणि घाट ढासळला. पुढे १९३७ मध्ये तो पुन्हा बांधावा लागला. तिथेच पाण्याच्या कडेला रत्नेश्वर महादेवाचे कललेले देऊळ उभे आहे. भोसले घाट नागपूरकरांचा, त्यांच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळासह. त्यापुढचा गणेश घाट अमृतराव पेशव्यांचा. आणखी उत्तरेला गेलात तर पेशव्यांच्या बालाजीचे देऊळ, जिथे बिस्मिल्ला खाँ तरुणपणी सनईचा रियाज करत. दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट यांच्यामागे पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर उभे होते; अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते काशीत येऊन स्थिरावले आणि दक्षिणी ब्राह्मणांची मोठी वस्ती त्यांच्याभोवती वाढली. संकठाजींच्या देवळाशीही बडोद्याच्या गायकवाडांचे नाव जोडले जाते. म्हणजे मणिकर्णिकेपासून ब्रह्मा घाटापर्यंत नावेने गेले तर मराठ्यांच्या इतिहासातली बहुतेक मोठी घराणी काठावर दगडरूपाने भेटतात.

पण घाट बांधणे सोपे. पैसा लागतो, तो दौलतीतून येई. त्या घाटावर आलेल्या माणसाला रात्री झोपवायचे कुठे, हा प्रश्न राजांनी नव्हे, घरांनी सोडवला. त्या घरांबद्दलच मला लिहायचे आहे.

१७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या, त्या पुण्याला परतल्या १७३६ मध्ये. पेशव्यांच्या मातोश्रींसाठी वाटेवरचे राजे पायघड्या घालत होते, तरीही यात्रेला वर्षाहून अधिक काळ लागला. मग कोकणातल्या, देशावरच्या साध्या कुटुंबाचे काय होत असेल? १८५७ मध्ये वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले, ते बायजाबाईंच्या यज्ञाची बातमी ऐकून, दक्षिणेच्या आशेने. मध्ये बंडाची आग लागली. त्या सगळ्या धुमाळीतून जीव वाचवून गोडसे भटजी परतले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ला लढायांचे पुस्तक म्हणून मान आहे. मला मात्र ते मुक्कामांचेही पुस्तक वाटते. परमुलखात आपले म्हणणारे घर शोधायचे आणि त्याच्या ओसरीवर पथारी टाकायची, हेच त्यातल्या प्रवासाचे रोजचे काम आहे.

काशीत ते घर उपाध्यांचे असे. व्यवस्था अशी होती. प्रत्येक गावाचे, प्रत्येक कुळाचे क्षेत्रोपाध्ये ठरलेले. यात्रेकरूने गाव, आडनाव, गोत्र सांगायचे. उपाध्ये वही उघडत आणि त्यात आजोबांची, पणजोबांची नावे, कधी त्यांच्याच हातची अक्षरे निघत: अमुक साली आलो, बरोबर अमुक होते, यापुढे आमच्या कुळातल्या कुणीही आले तर यांनाच पूज्य मानावे. या लेखावर नात्याची पुढची पिढी सुरू होई. मग उपाध्यांच्या वाड्यात एक खोली, पाण्याची सोय, स्वयंपाकाची भांडी, चुलीला लाकूड. सोवळ्यात स्वयंपाक करणारी बाई बरोबर असेल तर ती करी, नाहीतर उपाध्यांच्या घरी पान मांडले जाई. दुसऱ्या दिवसापासून उपाध्येच पुढे होत. मणिकर्णिकेचे स्नान, तीर्थश्राद्ध, विश्वेश्वर, अन्नपूर्णा, धुंडिराज, काळभैरव, बिंदुमाधव; नावेने पंचतीर्थी; अंगात बळ आणि हातात दिवस असतील तर पंचक्रोशी. निघताना काळभैरवाचा काळा गोफ आणि डाग देऊन बंद केलेले गंगेचे गडू. गडू घरी पोचला की मावंदे.

या व्यवस्थेत राहणे, जेवणे, वाट दाखवणे आणि आजारपणात पाहणे हे वेगवेगळे व्यवहार नव्हते, एकाच घराचे काम होते. उपाध्यीणबाईंचे नाव कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. पण शेकडो मैल चालून आलेल्या, अनोळखी भाषेच्या गावात भांबावलेल्या बायकांना धीर कुणी दिला असेल, बाळंतिणीला तिथे गरम पाणी कुणी दिले असेल, हे सांगायला वही लागत नाही.

या व्यवस्थेची काळी बाजूही तितकीच खरी आहे. दर ठरलेला नसे, आणि न ठरलेला दर गरिबाच्या उरावर बसतो. दक्षिणेवरून घासाघीस होई, उपाध्यांची माणसे स्टेशनातच यात्रेकरूंना गाठून ओढाताण करत. आणि या घरांचे दार सगळ्यांसाठी उघडे नव्हते. जात विचारूनच खोली मिळे, काहींना तर ती मिळतच नसे. जुन्या पाहुणचाराची आठवण काढताना हे झाकून ठेवले तर ती आठवण खोटी ठरेल. आज फलाटावर उतरण्याआधी खोलीचे भाडे फोनवर स्वच्छ लिहिलेले दिसते आणि आडनाव विचारले जात नाही, याला मी सुधारणाच म्हणतो, मोठी सुधारणा.

रेल्वेने या घरांचा वेग बदलला. १८७० मध्ये मुंबईहून जबलपूरमार्गे अलाहाबादपर्यंतची वाट लोहमार्गाने जोडली गेली, १८८७ मध्ये काशीला गंगेवर पूल झाला. महिन्यांचा मुक्काम आठवड्यावर आला, पुढे महानगरी एक्सप्रेसच्या काळात तीन दिवसांवर. धर्मशाळा वाढल्या, मठांत खोल्या निघाल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी प्रवासी पाठीवर पिशव्या घेऊन घाटांवर आले. त्यांना महागडी हॉटेले नको होती, नदी दिसणारी स्वस्त खोली हवी होती. पक्क्या महालातल्या कित्येक घरांनी वरचा मजला मोकळा केला आणि दारावर पाटी लावली. राज्याच्या पर्यटन खात्याने ‘पेइंग गेस्ट’ म्हणून अशा घरांची नोंद घ्यायला सुरुवात केली, केंद्राने बेड अँड ब्रेकफास्टची योजना आणली, आणि २०२५ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने होमस्टेचे नवे धोरण मंजूर केले. शेवटच्या दोहोंत एक गोष्ट समान आहे: खोल्या जास्तीत जास्त सहा, खाटा बारा. केंद्राच्या योजनेत तर मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायला हवे ही अटही आहे. उपाध्यांच्या वहीच्या जागी आता नोंदवही आहे, आधारकार्डाची प्रत आहे, परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांत भरून पाठवायचा फॉर्म आहे.

घर मात्र तेच आहे, आणि ते चालवणे कठीण आहे. गल्लीकडे अरुंद तोंड, आत शिरल्यावर फरसबंद चौक, चौकाभोवती तीन-चार मजले, आणि वर आकाशाला लोखंडी जाळी. चौकात पडलेला उजेड प्रत्येक मजल्यावर थोडा थोडा वाटला जातो. जाड भिंती लाखौरी विटांच्या, म्हणजे आजच्या विटेपेक्षा कितीतरी पातळ आणि लहान. खांब, कमानी, उंबरे चुनारच्या दगडाचे. उन्हाळ्यात खालचा मजला थंडगार, पावसाळ्यात तोच ओलीने फुगलेला. अशा घरात प्रत्येक खोलीला न्हाणीघर जोडायचे तर नळ कुठून न्यायचे, सांडपाणी कुठे सोडायचे, भिंतीला पाझर कसा लागू द्यायचा नाही, हे सगळे कोडे असते. विटा, वाळू, सिमेंट गल्लीत येते ते गाढवांच्या पाठीवर नाहीतर माणसांच्या डोक्यावर. पाडकामाचा राडारोडा जातोही तसाच. त्यात गंगेपासून २०० मीटरच्या आत नवे बांधकाम करायला मनाई आहे, डागडुजीलाही परवानगी लागते. म्हणून इथे जे पाहुणेघर दिसते ते जवळपास नेहमीच कुणाचे तरी जुने राहते घर असते. सोयी कमी असतील, जिना काळोखा आणि उभा असेल, गुडघे दुखणाऱ्यांना तो नक्की जाचेल. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे आणि खालच्या मजल्याची खोली मागावी.

या घरांतल्या सकाळीबद्दल मात्र मला हात आखडता घ्यायचा नाही. काशीत गंगा उत्तरेकडे वळलेली आहे, त्यामुळे सगळे घाट पूर्वेला तोंड करून बसलेले आहेत. सूर्य थेट पलीकडच्या वाळूतून वर येतो आणि त्याचे पहिले ऊन गच्चीवर पडते, मग एकेक मजला उतरत पायऱ्यांवर जाते. त्याआधीच घर जागे झालेले असते. संकठाजींची घंटा ऐकू येते. देवळात मोठा सिंह आहे, शुक्रवारी नारळ आणि चुनरी घेऊन बायकांची रांग लागते. घाटाजवळच यमादित्याचे स्थान आहे, काशीच्या बारा आदित्यांपैकी एक. घरची वडीलधारी मंडळी आपापल्या ठरलेल्या फेरीने दर्शन करून, तांब्यात गंगा घेऊन परत येतात, आणि मग स्वयंपाकघरातून वास यायला लागतो.

न्याहारी गच्चीवर. तिथेही जाळी, कारण माकडे. बाहेरून येते ती कचौडी-जलेबी: कचौडीबरोबर बटाट्याची रस्सा भाजी, द्रोणातून, आणि जलेबी कढईतून काढलेली. हिवाळ्यात मलइयो: रात्रभर उघड्या आकाशाखाली दवात ठेवलेले दूध पहाटे घुसळून काढलेला केशरी फेस, जो ऊन चढले की विरून जातो आणि म्हणून दुपारी मिळतच नाही. चहा मातीच्या पुरव्यात. पण घरात, घरच्या बाईच्या हातून होते ती गोष्ट म्हणजे चूडा-मटर. मराठी माणूस ताट पाहून म्हणतो, पोहेच की. पहिल्या घासाला कळते की पोहे खरे, पण वेगळ्या घराण्याचे. मोहरी नाही, हळद नाही, कांदा नाही. पोहे भिजवून, दूध किंवा साय लावून मऊ केलेले. तुपात जिरे, आले आणि हिरवी मिरची. कोवळे मटार पोह्यांच्या बरोबरीने. वरून मिरपूड, गरम मसाला, लिंबू, काही घरांत बेदाणे. आपल्याकडे पोहे पाहुणा आला की झटपट टाकायचे असतात. इथे मटार सोलण्यात घरातल्या दोघीतिघींची संध्याकाळ जाते. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत दोन्ही प्रकार होतात, आणि तिथल्या मराठी बोलीतही असेच दोन वास एकत्र येतात. क्रियापद सातारी असावे आणि हेल बनारसी.

ही मराठी घरे आता थोडी उरली आहेत, तरी त्यांचे देणे थोडे नाही. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांनी प्रयाग, काशी, गया यांच्या यात्रेचे शास्त्र ‘त्रिस्थलीसेतु’त बांधून दिले; त्याच घराण्यातल्या गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींना अभिषेक केला. एकनाथांचे भागवत १५७३ मध्ये काशीतच पूर्ण झाले. बाबूराव विष्णु पराडकर १८८३ मध्ये इथे जन्मले आणि ‘आज’ दैनिकातून त्यांनी हिंदी पत्रकारितेला घडवले. २०२४ मध्ये अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेचे मुख्य आचार्य होते काशीचे लक्ष्मीकांत दीक्षित, त्यांचे घराणे मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे. रामघाटावरच्या सांगवेद विद्यालयात आजही पहाटे वेदपठण चालते. संकठा घाटावरून तिथे काठाकाठाने चालत जाता येते आणि मी तर म्हणेन, जावेच.

एका गोष्टीची तयारी मनाने ठेवायला हवी. मणिकर्णिका इथून अगदी जवळ आहे. वारा फिरला की धूर वर येतो, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचे कण बसतात, चौकाकडच्या गल्ल्यांतून रात्रीअपरात्री ‘राम नाम सत्य है’ ऐकू येते. बाहेरून आलेला माणूस पहिल्या रात्री झोपत नाही. घरातली मुले मात्र त्याच आवाजात गृहपाठ करत असतात, आजी त्याच आवाजात डाळ निवडत असते. मरणाच्या इतक्या शेजारी एक कुटुंब इतक्या सहजपणे राहते, हे पाहणे कोणत्याही हॉटेलात मिळत नाही. चितांचे फोटो काढू नयेत, हे पाहुण्याला घरातले लोकच सांगतात. गंभीर आवाजात, एकदाच. ते ऐकावे.

पावसाळ्यात हे सगळे चित्र बदलते. इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर, धोक्याची ७१.२६२. पाणी चढू लागले की आधी घाटांना जोडणारी काठाची वाट बुडते, मग पायऱ्या, मग काठाची देवळे. नावा बांधून ठेवल्या जातात. १९७८ मध्ये गंगा ७३.९०१ मीटरपर्यंत चढली, त्या पुराच्या खुणा दाखवणारी माणसे गल्लोगल्ली भेटतात. मणिकर्णिकेवर प्रेते जाळायला जागा उरत नाही, तेव्हा दहन वरच्या गच्च्यांवर होते. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर माणसाच्या गुडघ्याएवढा गाळ राहतो आणि तो पंपाने पाणी मारून पुन्हा नदीत लोटावा लागतो. या महिन्यांत पाहुणेघरे जवळपास रिकामी असतात. भिंती वाळवणे, दारे रंगवणे, वरच्या जाळीला वेल्डिंग करणे ही कामे तेव्हाच उरकतात.

डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले. देवळापासून गंगेपर्यंत मोकळी वाट करण्यासाठी तीनशेहून अधिक घरे-इमारती घेतल्या गेल्या. त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची राहती घरे होती आणि घरांच्या आत दडलेली देवळेही. दर्शन सुलभ झाले, म्हाताऱ्यांचे हाल कमी झाले, हे खरे. यात्रेकरू कित्येक पटींनी वाढले, हेही खरे. संकठा घाट त्या पट्ट्याच्या उत्तरेला, थोडक्यात बाहेर राहिला. मात्र गर्दीबरोबर खोल्यांची मागणी वाढली, आणि आता जे घडते आहे त्याची मला खरोखर काळजी वाटते. कुटुंब गल्ल्यांच्या बाहेर, सिग्र्याकडे किंवा त्याहून लांब राहायला जाते, जिथे दारात गाडी उभी राहते. जुने घर कुणाला तरी चालवायला दिले जाते. चौकात स्वागताचे टेबल येते, स्वयंपाकघराची आणखी एक खोली होते, आणि न्याहारी डब्यातून येते. पाटीवर ‘होमस्टे’ तसेच असते. पण रात्री अंगात ताप आला तर जिन्यातून हाक मारायला कुणी नसते. कोणत्या घाटावर शेवाळ आहे, कोणता नावाडी जास्त पैसे सांगतो, एकादशीला फराळाचे कुठे मिळेल, हे सांगणारे तोंड नसते.

म्हणूनच सहा खोल्यांची मर्यादा आणि मालकाने तिथेच राहण्याची अट मला कागदी वाटत नाही. सहा खोल्यांच्या पाहुण्यांची नावे एका बाईच्या लक्षात राहतात. कोण तिखट खात नाही, कुणाच्या आईचे श्राद्ध उद्या आहे, हे तिला ठाऊक असते. संख्या त्यापुढे गेली की नाव जाऊन खोलीचा क्रमांक येतो. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी अग्निशमनाचे नळकांडे जरूर पाहावे, पण त्याआधी चूल पेटते आहे का ते पाहावे. आणि पाहुण्यांनीही खोली ठरवताना नदी दिसते का हे विचारण्याआधी घरात कोण राहते ते विचारावे. घरकर लावताना, पाण्याची जोडणी देताना, डागडुजीची परवानगी देताना राहत्या कुटुंबाला थोडे झुकते माप मिळाले तर ही माणसे वरच राहतील. नाहीतर कड्यावर भिंती तेवढ्या उरतील.

जायचे असेल तर कार्तिक पौर्णिमा टाळा. देवदिवाळीला सगळे घाट दिव्यांनी भरतात, पण त्या रात्री खोली मिळत नाही आणि मिळाली तर भाडे झेपत नाही. माघातली गर्दी प्रयागहून उलटून काशीत येते, तीही टाळा. मार्गशीर्ष ते पौष हा काळ उत्तम. धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास उशिरा येतात, म्हणून पोचण्याचा दिवस मोकळा ठेवा आणि घरी फोन करून तसे सांगा, म्हणजे जेवण झाकून ठेवतील. स्वेटर जाड घ्या, गच्चीवर वारा बोचतो. त्या दिवसांत मटार कोवळा असतो.